तुरीच्या डाळीवर तोललेला चाप

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या अल्फारेटात ऑक्टोबर जरा दमानं येतो. सप्टेंबर संपला तरी झाडं हिरवीगार, एसी चालूच, आणि मग एका सकाळी दार उघडावं तर हवेला धार आलेली. त्याच आठवड्यात किराणा दुकानांच्या दाराशी भोपळ्यांचे ढीग लागतात आणि त्यांच्या शेजारी कुंड्याकुंड्यांतून शेवंती. इथले लोक तिला ‘मम्स’ म्हणतात. शेवंती पाहून कुणाला वेणी आठवत असेल, कुणाला देवघर. मला बंदुकीच्या तेलाचा वास येतो. हसायचं तर हसा, पण तो वास आला की माझा दसरा सुरू होतो.

परवा मी पिवळ्या शेवंतीची कुंडी ट्रॉलीत ठेवली तेव्हा माझी मुलगी अदिती म्हणाली, "ओ नो. आई, इज इट रायफल सीझन ऑलरेडी?" तिनं चेष्टा केली होती, पण बोलली ती खरंच. आमच्या घरी तो रायफलीचाच मोसम असतो, आणि त्याची सुरुवात अदितीच्या जन्माच्याही आधी झाली.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं, गाव पिस्कॅटवे, इथून खूप उत्तरेला. माझा नवरा श्रीकांत एका टेलिफोनच्या कंपनीत इंजिनियर होता. मी अमरावतीहून लग्न होऊन आलेली, फिजिक्सची बीएस्सी, एनसीसीचं सर्टिफिकेट घडी घालून बॅगेत, आणि इथे करायला काही नाही. त्या पहिल्या वर्षी अमेरिकेतली प्रत्येक गोष्ट मला जड वाटायची. बँकेत बोलणं जड, वाजणारा फोन उचलणं जड, दुकानात ‘हे नको, ते द्या’ म्हणणंसुद्धा जड. वाक्य तोंडात तयार असायचं, पण सुटायचं नाही. खूप जोर लावला की सुटायचं आणि भलतीकडेच जायचं. दुकानदार मग माझ्याकडे दयेनं बघायचा, आणि मला दयेची भयंकर चीड आहे.

एकदा लायब्ररीतल्या फळ्यावर रायफल क्लबची चिठ्ठी दिसली. नवशिक्यांचं स्वागत आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं. अमरावतीला कॉलेजच्या मागे आम्ही पोरी पालथ्या पडून ‘पॉइंट टू-टू’ चालवायचो. तीच ती लहान रायफल, बारकी गोळी, मोठा आवाज नाही, खांद्याला धक्का नाही. मी नवशिकी नव्हते. मी गेले.

क्लबची रेंज एका बसक्या इमारतीच्या तळघरात होती. बंदुकीच्या जळक्या दारूचा वास, कॉफीचा वास, ओल्या लोकरी स्वेटरांचा वास. चटईवर पोटावर झोपले, गाल लाकडाला टेकवला, आणि वर्षभरात पहिल्यांदा मला आपण कुठे आहोत ते नीट कळलं. इथे कुणी मला ‘पार्डन?’ म्हणत नव्हतं. कागदावर भोकं कुठे पडली तेवढंच काय ते बोलणं.

क्लबच्या टीमची कॅप्टन मार्ज नावाची बाई होती. साठी ओलांडलेली, उंच, पुरुषी जाकीट, हसली की खोकायची. तिच्या घराच्या तळघरात ती लोकांच्या रायफली दुरुस्त करायची. तिनंच मला एका म्हाताऱ्या सभासदाची जुनी रायफल मिळवून दिली. त्याआधी बंदूक बाळगायच्या ओळखपत्रासाठी पोलीस स्टेशनात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले. श्रीकांत परत येताना गाडीत म्हणाला, "यार नीला, आमच्या सात पिढ्यांत पोलिसांनी कुणाचे ठसे घेतले नव्हते."

"सात पिढ्यांत अमरावतीची सूनही कुणी केली नव्हती," मी म्हटलं.

रायफल गुणी होती, पण तिचा चाप म्हणजे ट्रिगर फार जड. कारखान्यातून निघतानाच तो सुटायला जवळजवळ सहा पौंडांची ओढ लागायची. बोट ओढत राहायचं, तो सरकत राहायचा, मध्येच अडखळायचा, आणि सुटायचा तोवर नळी हललेली असायची. शांत श्वास, नेम अगदी काळ्या गोलाच्या मध्यावर, आणि भोक मात्र दोन बोटं बाजूला. बँकेतल्या माझ्या इंग्रजीसारखंच.

आणि नेमक्या त्याच शरद ऋतूत मार्जच्या चौघांच्या टीममधली एक जागा रिकामी झाली. हिवाळाभर गावोगावच्या क्लबांशी सामने असायचे. निवड दसऱ्यानंतरच्या शनिवारी होती. ती जागा मला हवी होती. श्रीकांतला मी नुसतं "ट्राय करून बघते" म्हटलं होतं, पण मनातून इतकी हवी होती की भाजी चिरतानासुद्धा मी श्वास धरून ठेवायची. या देशात माझं म्हणावं असं ते पहिलंच काहीतरी असणार होतं.

तेव्हा सासूबाई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मुलींच्या शाळेत त्या शिवणाच्या बाई होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. सुनेच्या कपाटात बंदूक बघून कुणी दुसरी बाई पहिल्या विमानानं परत गेली असती. यांनी चष्मा लावला, रायफल वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "तेल कुठलं घालतेस?"

मी माझं चापाचं रडगाणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बदल की. पायडल जड झालं की टाका वाकडाच येतो. पोरींना मी किती दिवस तेच सांगत आले."

तर आम्ही तिघंही मार्जकडे गेलो. तिच्या तळघरात एक लांब टेबल होतं, आणि त्यावर मफिन भाजायचा एक जुना पत्र्याचा ट्रे. त्याच्या वाट्यांत मफिनऐवजी स्प्रिंगा, पिना, स्क्रू. आपल्याकडे मिसळणाचा डबा असतो ना, तस्सा. सासूबाईंना तो ट्रे बघूनच बाई पसंत पडली. मार्जनं तीन वेगवेगळे नवे चाप तीन रिकाम्या रायफलींना लावून ठेवले होते. एक स्वस्तातला, दिसायला झकपक. एक इतका हलका की फुंकर मारली तरी सुटेल असं वाटावं. एक अगदी साधा, दोन पौंडांचा, त्यात बघण्यासारखं काही नाही.

श्रीकांतनं घरूनच आलेख काढून आणला होता. "सिंपल आहे. ओढ जितकी कमी तितकी नळी कमी हलणार. सगळ्यात हलका घे, मॅटर क्लोज्ड."

खरं सांगते, मलाही तोच हवा होता. नुसतं बोट ठेवलं की झालं, वर्षभराचा जडपणा एका फटक्यात संपला. मार्जनं तो हलका चाप लावलेली रिकामी रायफल घेतली, खटका चढवला आणि दस्त्यावर रबरी हातोडीनं हलकेच टकटक केलं. चापाला कुणी हात लावला नव्हता, तरी तो आपोआप सुटला. टक्. सासूबाई दचकल्या.

"दिसायला छान आहे," मार्ज म्हणाली, "पण हा मनाला येईल तेव्हा जातो, हनी. तुझ्या मनाला नाही, त्याच्या."

मग मी डोळे मिटून तिन्ही ओढून पाहिले, पुन्हा पुन्हा. स्वस्तातला वाळूत पाय ओढल्यासारखा. हलका तर मी तयार व्हायच्या आतच गेलेला. तो साधा मात्र बोटाखाली शांत उभा राहिला. मी थांबले की तोही थांबला, आणि मी ठरवलं त्या क्षणी वाळकी काडी मोडावी तसा सुटला. सरकणं नाही, अडखळणं नाही. हातोडीचे ठोके खाऊनही जागचा हलला नाही. "धिस वन," मी म्हटलं. इतकं छोटं इंग्रजी वाक्य मी त्याआधी इतक्या खात्रीनं कधी बोलले नव्हते.

मार्ज तो माझ्या रायफलीला बसवत होती तेव्हा सासूबाई तिच्या हातांकडे टक लावून बघत होत्या. मला म्हणाल्या, "विचार तिला, हे कुठे शिकली." मी विचारलं. मार्जनं सांगितलं की ती जन्मभर जवळच्याच एका शिलाई मशीनच्या कारखान्यात होती, तो बंद पडल्यावर रायफलींकडे वळली. मी मराठीत सांगताच सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. मिरजेतलं त्यांचं काळं मशीन, सोनेरी वेलबुट्टीचं, त्यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेलं, ते याच मुलखातून बोटीनं आलेलं होतं. "म्हणजे ही माझ्या मशीनच्या माहेरची बाई!" त्या म्हणाल्या आणि मार्जचे तेलकट हात त्यांनी दोन्ही हातांत धरले. माहेर या शब्दाचं भाषांतर मला आजही जमलेलं नाही. मार्जला त्याची गरजही पडली नाही.

श्रीकांतचा मात्र छापील आकड्यांवर विश्वास नसतो. रविवारी म्हणाला, "कंपनी म्हणते दोन पौंड. म्हणून दोन पौंड? मोजायला नको?" ओढ मोजायला स्प्रिंगचा काटा हवा, तो घरात नव्हता. पण इंडियन स्टोअरमधून आणलेली तुरीची डाळ होती आणि स्वयंपाकघरातला तराजू होता. रायफल रिकामी आहे याची मी पुन्हा पुन्हा खात्री केली, मग नळी छताकडे करून ती खुर्चीला बांधली. चापाला दोरी, दोरीला प्लास्टिकची पिशवी, आणि श्रीकांत वाटीवाटीनं तिच्यात डाळ ओततोय. सासूबाई सोफ्यावर पाय घेऊन बसलेल्या, श्वास रोखून. अमेरिकेत दुसऱ्या कुठल्या घरात चाप असा तोलला गेला असेल असं मला वाटत नाही.

टक्.

"येस! दोनला जरासा कमी!" श्रीकांत ओरडला आणि त्याच क्षणी पिशवीचा बंद तुटला. डाळ रायफलीवर, खुर्चीवर, गालिच्यावर, श्रीकांतच्या मोज्यात. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आता आमटी कशाची करू?" आम्ही रायफल पुसून कपाटात ठेवली, गालिचा झाडला. सोफ्याखाली डाळ पुढे नाताळापर्यंत सापडत होती.

दसरा दोनच दिवसांवर होता. मिरजेला सासूबाई दर दसऱ्याला मशीनची पूजा करायच्या. इथे पाटावर काय मांडायचं? श्रीकांतचा कॅल्क्युलेटर, त्याचे पेचकस, त्यांची स्वतःची कात्री जी त्या सामानात गुंडाळून घेऊन आल्या होत्या, आणि मधोमध माझी रायफल. "हत्यार म्हटलं की हेच खरं हत्यार," त्या म्हणाल्या. झेंडू थंडीनं गेला होता, म्हणून शेवंती. आपटा कुठला मिळणार, पण समोरच्या अंगणात एक झाड होतं, हृदयाच्या आकाराच्या पानांचं, आणि त्या दिवसांत ती पानं खरोखरच सोन्यासारखी पिवळी झालेली असत. त्यांनी रायफलीच्या लाकडाला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, आणि डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागितलं. काय मागितलं ते मला माहीत होतं. मीही तेच मागत होते.

गुरुवारी क्लबच्या सरावाला मी चाप ओढला आणि तो हललाच नाही. भिंतीला बोट लावल्यासारखं. पुन्हा ओढला, गेला. पुढच्या दोन वेळा पुन्हा अडला. मार्ज मागून आली. "बोल्ट उघड, गोळी काढ. आज बास," ती म्हणाली. भरवसा नसलेली रायफल रेंजवर चालत नाही, हा तिचा नियम, आणि तो सगळ्यांना सारखा. "शनिवारी निवडीच्या आधी माझ्या घरी घेऊन ये. नीट झाली तर उतर. नाही झाली तर पुढच्या वर्षी."

घरी येऊन सांगितलं तर श्रीकांत आईकडे वळला. "आई, तुला मी म्हटलं होतं ना! मशिनरीवर कुणी तांदूळ टाकतं का? प्रिसिजनची गोष्ट असते ती!"

सासूबाई उठून आत गेल्या. संध्याकाळचा टीव्हीवरचा बक्षिसांचा कार्यक्रम, जो त्या भाषा कळत नसताना टाळ्या वाजवून बघायच्या, तोही लावला नाही. चहा केला तर म्हणाल्या, "नको गं. तुझी एवढीशी हौस, तीही माझ्याच हातानं अडली." मला रडू येत होतं, ते त्या जागेसाठी होतं. पण त्यांच्यावर राग काही केल्या येईना. माझ्या त्या हौसेसाठी इतकी डोळे मिटून प्रार्थना दुसऱ्या कुणी केली होती?

"अहो, पुरे आता," मी श्रीकांतला म्हटलं. सासूबाईंसमोर मी त्याला ‘अहो’च म्हणायची, आणि त्या दिवशीचं ‘अहो’ चांगलंच कडक होतं.

शनिवारी सकाळी सासूबाई कोट घालून आमच्या आधी दारात उभ्या. "मीही येणार. माफी मागायची तर समोर जाऊन मागावी." गाडीत त्या पुटपुटत होत्या, "सॉरी. राइस. माय मिस्टेक." पाठांतर चाललं होतं. श्रीकांत रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता, आणि त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

मार्जनं दार उघडलं तशा त्या म्हणाल्याच, "सॉरी, राइस, माय मिस्टेक," आणि हात जोडले. मार्जला काही कळलं नाही. तिनं त्यांना स्टुलावर बसवलं, दिवा जवळ ओढला, चाप सोडवला आणि बारीक चिमट्यानं त्याच्या मागच्या फटीतून काहीतरी उपसलं. ते तिनं मफिनच्या ट्रेतल्या एका रिकाम्या वाटीत टाकलं. टिंग असा आवाज झाला. आम्ही तिघंही वाकलो.

ते पिवळं होतं.

सासूबाईंनी चष्मा लावला. वाटी दिव्याखाली धरली. मग सावकाश, वर्गात एखाद्या पोरीची चोरी पकडावी तशा आवाजात म्हणाल्या, "श्रीकांत. ही तूर आहे."

अर्धी फुटलेली, एका बाजूला टोक आलेली, तुरीची डाळ. तांदळाचा कण नव्हता. कुंकू होतं, पण बाहेर लाकडावर, जिथे त्यांनी लावलं होतं तिथेच. श्रीकांतच्या तोंडाचा जो आ झाला तो मी जन्मभर विसरणार नाही. मी मार्जला पिशवी, दोरी, खुर्ची, वाट्या, सगळं सांगितलं. पहिल्यांदाच इतकं लांबलचक इंग्रजी मी न अडखळता बोलले, कारण मी मध्ये मध्ये हसत होते. मार्ज आधी खोकली, मग हसली, मग तिला टेबलाला धरून खाली बसावं लागलं. सासूबाई तर पदर तोंडाला लावून नुसत्या हलत होत्या. शेवटी श्रीकांतनं त्यांच्या पायांना हात लावला. "चुकलो गं, आई."

"चुकलास," त्या म्हणाल्या, "पण मोजलंस मात्र बरोबर!"

त्या दुपारी निवडीला मी चटईवर पालथी पडले तेव्हा पोटात अजून हसू होतं. काचेमागे सासूबाई बसल्या होत्या, डोक्यावरून घेतलेला पदर आणि पदरावरून कानांना आवाज अडवणारे मोठे लाल मफ. मी श्वास घेतला, अर्धा सोडला, बोट ठेवलं. चाप थांबला. मी म्हटलं तेव्हाच सुटला, प्रत्येक वेळी. सोपं होतं असं नाही. एकदा गोळी काळ्या गोलाच्या कडेला गेली. पण मार्जनं फळ्यावर नावं लिहिली तेव्हा चौथं नाव माझं होतं. आनंदानं माणूस ओरडतो म्हणतात. मी मात्र फळ्याजवळ जाऊन ते नाव पुन्हा वाचलं. ओरडल्या त्या सासूबाई, आणि तेही मराठीत.

मग त्यांनी पर्स उघडली. दसऱ्याची काही पानं त्यांनी रुमालात जपून ठेवली होती. एक मार्जच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा." मी अर्थ सांगितला. मार्जनं ते पान टोपीच्या पट्टीत खोचलं आणि विचारलं, "हा सण दर वर्षी येतो का?"

पुढच्या वर्षी सासूबाई मिरजेत होत्या. दसऱ्याला संध्याकाळी बेल वाजली तर दारात मार्ज, खांद्याला रायफलीची पेटी आणि हातात मफिनचा ट्रे. तिलाही आपल्या हत्यारांची पूजा करायची होती. मी पाट मांडला, मिरजेला फोन लावला. लाइन खरखरत होती. सासूबाई ओरडून म्हणाल्या, "आधी डाळीचा डबा वर ठेव गं!" मी मार्जला ते सांगताच पलीकडून हसणं आणि इकडे खोकणं एकदमच सुरू झालं. दोघी एकमेकींशी कितीतरी वेळ बोलल्या, एक मराठीत आणि एक इंग्रजीत, आणि मला मध्ये पडावं लागलं नाही.

त्यानंतर बरेच दसरे झाले. आता त्या दोघीही नाहीत. मार्ज गेली त्या वर्षी तिच्या भाचीनं एक खोकं पाठवलं. आत तो ट्रे होता. वाट्या सगळ्या रिकाम्या, धुऊन पुसलेल्या. फक्त एका वाटीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली. पट्टीखाली वाळून तपकिरी झालेलं एक हृदयाच्या आकाराचं पान, त्यावर तुरीची अर्धी डाळ, आणि वर मार्जच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: ‘नीलाची. शिजवू नये.’

आज सकाळी मी पाट मांडला. अदितीनं शेवंती ठेवली, लॅपटॉप ठेवला, गाडीची किल्ली ठेवली. ट्रेतली ती वाटी दर वर्षी बघते तशीच तिनं याही वर्षी बघितली, पट्टीवरून हलकेच बोट फिरवलं. रायफलीच्या लाकडात कुंकवाचा तो जुना डाग मुरलाय, त्याच्यावरच मी नवं कुंकू लावलं. मग रिकामी रायफल खांद्याला लावली, भिंतीकडे नेम धरला आणि बोट ठेवलं. चाप थांबला, मी म्हटलं तेव्हा सुटला. टक्.

"किती पौंड भरला?" श्रीकांत स्वयंपाकघरातून ओरडला. "डाळ आणू का मोजायला?"

"नको!" मी ओरडले, आणि माझ्या त्या ‘नको’त एक मराठी आणि एक खोकणारा, असे आणखी दोन आवाज मला अगदी स्वच्छ ऐकू आले.